दरीकडेची खोली अकराशे ऐंशीला

मार्केट यार्डातल्या गुळाच्या गल्लीत रंगराव एकतीस वर्षं काट्याला उभा आहे. तोलणार. टेम्पोतून गूळ उतरला की हमाल ढेपा काट्यावर चढवतात, रंगराव आकडा बघतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारतो आणि मगच तो पावतीवर चढतो. पूर्वी लोखंडी काटा होता, आता लाल आकड्यांचा आला. पण यंत्रालाही भूल पडते. खाली खडा अडकतो, गोणीचं टोक जमिनीला टेकतं आणि आकडा भलतंच काहीतरी दाखवतो. अशा वेळी रंगराव हात वर करतो. "थांबा. आकडा लबाड हाय." मग त्यात शेठचा फायदा असो की शेतकऱ्याचा. एकदा त्यानं सख्ख्या मेव्हण्याच्या मालावर हात वर केला होता. मेव्हणा दोन दिवाळ्या बोलला नाही.

मांजरी गावात त्याच्या दोन खोल्या आहेत. चहूबाजूंनी बारा-बारा मजले उठले, मधे ह्याच्या पत्र्यावर कबुतरं. बायको यमुनाबाई आणि तो, दोघंच. एकुलती लेक नम्रता दोन वर्षांपूर्वी धायरीला दिली.

दिली ती तालेवार घरात. व्याही हिंमतराव धायरीचे मूळचे शेतकरी. गाव शहरात गेलं, शेताचे प्लॉट झाले, प्लॉटवर इमारती झाल्या, आणि हिंमतरावांच्या अंगावरचा सदरा तोच राहून बाकी सगळं बदललं. जावई रणजित सालस, बँकेत नोकरीला. सगळं चांगलं. फक्त लग्नात शेवटच्या पंगतीला जिलबी संपली. धायरीची तीसेक माणसं ताटावर बसून राहिली. हिंमतरावांनी मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "असू द्या. तोलणाऱ्याच्या घरचं लगीन, मापातच असणार."

पंगत हसली. तिथंच संपायला हवं होतं. पण असं वाक्य एकदा घरात शिरलं की चपला काढून बसतं. नम्रतानं वरणात मीठ कमी टाकलं की सासू सोजरबाई म्हणायची, "मापातलंच पडायचं." पाहुण्यांना लाडू दोन-दोन वाढले की, "आमच्या सूनबाईचा हात मापाचा." वाईट कुणी नव्हतं. नम्रतानं माहेरी येऊन हे एकदाच सांगितलं, तेही हसत. रंगराव त्या दिवशी जेवला नाही. पोटात गॅस झालाय म्हणाला.

आता यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, आणि त्यात जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे तर जावयाच्या घरचे ताटाकडे डोळे लावून बसलेले. रंगरावच्या मनात चैत्रापासून एकच घोळत होतं. ह्या धोंड्याला असं काहीतरी करायचं की ते जिलबीचं वाक्य लेकीच्या पाठीवरनं उतरलं पाहिजे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी माल कमी होता. रंगराव थप्पीला टेकून भाकरी खाऊन बसला आणि लेकीनं दिलेल्या जुन्या मोबाइलवर महाबळेश्वरची हॉटेलं बघायला लागला. बघायला पैसे पडत नाहीत. दरीकडेचं एक हॉटेल होतं. खोलीला काचेची भिंत, काचेपल्याड ढग. ते तो आठवडाभर रोज बघत होता. खोलीला एका दिवसाचे अकरा हजार आठशे. बघायचं आणि फोन खिशात टाकायचा.

त्या दुपारी तिथं अकराशे ऐंशी दिसले.

त्यानं चष्मा पुसला. अकराशे ऐंशी. तीस मे, शनिवार, ऐन सुट्टीतला. त्यानं मागं जाऊन परत उघडलं. अकराशे ऐंशी. आयुष्यभर एका शून्यावर नजर ठेवून पोट भरलेला माणूस तो. त्याला काय कळलं नसेल? पोटात कुठंतरी कळलं. पण त्याचा हात वर गेला नाही. हात खाली गेला, मोबाइलवर. तीन खोल्या, सहा माणसं. एक व्याही-विहिणीची, एक लेक-जावयाची, एक आपली. तीन हजार पाचशे चाळीस रुपये गेले आणि पावती आली. हिरव्या अक्षरात लिहिलं होतं, बुकिंग पक्कं.

संध्याकाळी त्यानं यमुनाबाईला दाखवलं. ती हुशार बाई, तिनं आधी हात पुसले.

"एवढ्या सवंग कसं काय?"

"आसल काय तरी हाफर."

"कुनाला इचारलं का?"

"पावती हाय की. पावतीवर कुनाला इचारायचं?"

रविवारी दोघं हळद-कुंकू घेऊन धायरीला गेले. सोजरबाईनं चहा ठेवला. रंगरावनं दोन घोट घेतले आणि जितक्या सहजपणे जमेल तितक्या सहजपणे म्हणाला, "पाव्हणं, यंदाचा धोंडा महाबळेश्वरला करू म्हनलं. तिसाची तारीख. खोल्या घेऊन ठेवल्यात." आणि मोबाइल पुढं केला.

हिंमतरावांनी मोबाइल लांब धरून बघितला. काचेची भिंत, ढग. "आयला," ते म्हणाले, "रंगराव, ह्ये तर आमी बी न्हाय केलं कवा."

सोजरबाईनं चहासोबत काजू काढले. पहिल्यांदाच. नम्रता आतल्या दारात उभी होती, तिनं बापाकडं बघितलं. रंगराव परतीच्या बसमध्ये उभा राहून आला, जागा असताना.

बुकिंग केल्यापासून चौथ्या दिवशी काट्यावर ढेप असतानाच मोबाइल थरथरला. 'तांत्रिक कारणास्तव आपलं बुकिंग रद्द करण्यात आलं आहे. रक्कम पाच ते सात दिवसांत परत मिळेल.' रंगरावनं ते तीनदा वाचलं. मग ढेपेचं वजन पुकारलं, पावतीवर चढवलं आणि बाजूला जाऊन फोन लावला.

आधी यंत्र बोललं. एक दाबा, तीन दाबा. मग गाणं वाजलं. मग एक पोरगा आला, म्हणाला मी श्याम.

"सर, मी आपली काय मदत करू शकतो?"

रंगरावनं पहिल्यापासून सांगितलं.

"सर, तो दर चुकीनं दिसला होता."

"कुनाच्या चुकीनं?"

"सिस्टिमच्या, सर."

"मग सिस्टिमला द्या फोन."

श्याम बहुतेक हसू आवरत असावा. "सर, नियम एकोणीसमध्ये लिहिलंय, उघड चूक असलेला दर कंपनी रद्द करू शकते."

"उघड व्हती तर तुमाला दिसायची. चार दिस पैसं ठिवून घेतलं, तवा न्हाय दिसली?"

"मी समजू शकतो सर."

"समजू नका. ऐका. मला बी कळतंय दर कमी व्हता. म्या काय समदं मागत न्हाय. आमच्या बाजारात वांदा झाला तर दोघं समोरासमोर बसत्यात, तिसरा मानूस मधला भाव पाडतो. थोडं तुमी सोसा, थोडं मी सोसतो. मधला भाव बोला."

"सर, मधला असा ऑप्शन नाहीये माझ्याकडे."

"ज्याच्याकडं हाय त्याला बोलवा."

"वरिष्ठ आपल्याला अठ्ठेचाळीस तासांत फोन करतील."

"फोन नगं. कुठं बसता तुमी? मी येतो."

"सर, ते सांगता येत नाही."

रंगरावनं फोन ठेवला. एकतीस वर्षांत त्यानं शिव्या देणारे बघितले, गचांडी धरणारे बघितले, पण बसतो कुठं ते न सांगणारा व्यापारी बघितला नव्हता.

वरिष्ठांचा फोन आला नाही. त्यानं पुन्हा लावला. ह्या वेळी बाई होती, तिला पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा एक हिंदी बोलणारा, त्याला पहिल्यापासून, हिंदीत. हॉटेलला फोन केला तर ते म्हणाले, आम्ही साइटला अकरा हजार आठशेच कळवलं होतं, तुम्ही साइटशी बोला. साइटवाले म्हणाले, खोल्या हॉटेलच्या आहेत, आमच्या हातात नाही. रंगराव दुपारच्या भाकरीच्या वेळी फोन कानाला लावून थप्पीमागं उभा राहायचा. हमालांना ते गाणं पाठ झालं. एक जण पोतं उचलताना तेच गुणगुणायचा.

आठव्या दिवशी कंपनीकडून निरोप आला. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आपल्याला हजार रुपयांचं कूपन देत आहोत.' खाली दोन चौकोन. मान्य. अमान्य.

आणि इथं रंगरावनं एक चूक केली. गुळाच्या त्या गल्लीत एक वहिवाट आहे. वांदा झाला की ज्याची चूक, तो दुसऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवतो. शंभर, पाचशे, खिशात असेल ते. त्याचा अर्थ एवढाच की चूक माझी, मला कबूल, आता बसून मिटवू, तोवर तू उठून जाऊ नको. घेणाऱ्यानं ते घ्यायचं असतं. नाकारलं तर बोलणंच मोडलं. घेतलं म्हणजे वांदा जिता राहिला.

रंगरावनं गुळाचं चिकट बोट पॅन्टला पुसलं आणि मान्य दाबलं.

त्या संध्याकाळी तो घरी ताठ गेला. "कबूल केलं त्येंनी," यमुनाबाईला म्हणाला. "हातावर हजार टेकवलं. आता बसत्याल."

"कुठं बसत्याल?"

"बगू की. बोलवत्याल."

तीन दिवस त्यानं वाट बघितली. मग फोन लावला. नवीन मुलगी होती, आवाज फार गोड.

"सर, आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद झालेली आहे."

"कुनाचं समाधान झालं?"

"आपलं, सर. आपण कूपन स्वीकारलंय."

नम्रता त्या रविवारी माहेरी आली होती. तिनं बापाच्या हातातनं मोबाइल घेतला, बोटांनी अक्षरं मोठी केली आणि वाचून दाखवलं. कूपन स्वीकारल्यास ह्या बुकिंगसंबंधी ग्राहकाचा पुढे कोणताही दावा राहणार नाही.

"आप्पा, हे खाली होतं. वाचायचं ना."

"वर म्हनत्यात गैरसोय झाली. खाली म्हनत्यात मिटलं. येकाच कागदावर?"

"असंच असतं."

"मग मला सांगायचं न्हाईस का?"

"तुम्ही मला विचारलंत का?" नम्रता म्हणाली. मग तिनंच मोबाइलवरनं ग्राहकांच्या तक्रारीचा सरकारी नंबर काढून दिला.

तिथली बाई भली होती. तिनं पंधरा मिनिटं शांतपणे ऐकलं, मधला भावही लिहून घेतला, तक्रारीचा क्रमांक दिला. नवव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. ग्राहकानं भरपाई स्वीकारलेली आहे, सोबत मान्यतेची तारीख व वेळ जोडली आहे. बाई म्हणाली, "काका, तुम्ही आयोगात दावा लावू शकता. पण ह्याला वेळ लागतो."

"किती?"

"काही महिने धरून चाला."

"महिना येकच हाय ताई," रंगराव म्हणाला. "त्यो बी लागलाय."

बाईला ते कळलं नसावं. तिनं शुभेच्छा दिल्या.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथशेठनं त्याला गादीवर बोलावलं. शेठ तिसऱ्या पिढीचा अडत्या, बोलणं मोजकं, पण रंगराववर जीव. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाला, "रंगराव, एक विचारू का? राग मानू नका."

"बोला की शेठ."

"अकराशे ऐंशी आपल्या काट्यावर दिसले असते, तर तुम्ही हात वर केला असतात का नाही?"

बशीत एक माशी येऊन बसली, गुळाच्या बाजारात चहालाही माशी सोडत नाही. रंगरावनं ती हाकलली.

"केला असता," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय शेठ. न्हाय केला."

उचल हवी असली तर सांगा, एवढंच शेठ म्हणाला. रंगरावकडं भिशीचे वीस हजार येणार होते. मधल्या भावाला ते पुरले असते, तेवढाच त्याचा हिशेब होता. सबंध भावाला घर गहाण पडलं नसतं, पण वर्षभर कंबर मोडली असती. आणि दुसरीकडं बघावं तर महिनाअखेरच्या शनिवारी धड जागाच शिल्लक नव्हती. जिथं होती तिथल्या फोटोत गादीवर डाग होते.

यमुनाबाई म्हणाली, "घरी करू. पुरन काय दरी बघून जास्त फुगतंय का?"

"सांगून आलोय त्येंना."

"तर परत सांगून या."

चोवीस तारखेला तो एकटाच धायरीला गेला. हिंमतराव त्यांच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. रंगरावनं दुसरी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. गेले तीन आठवडे तो हे इतक्यांदा पहिल्यापासून सांगत होता की आता ते तोंडातनं आपोआप येत होतं. दर, पावती, नियम एकोणीस, कूपन. वाटेत त्यानं ठरवलं होतं की मापाचा टोमणा आला तर हसायचं.

टोमणा आला नाही. हिंमतरावांनी सगळं ऐकलं आणि खिशातनं मोबाइल काढला.

"हाटेलचं नाव काय म्हनला?"

"न्हाय पाव्हणं, म्या त्यासाठी आलो न्हाय. घरीच करू आपन, मांजरीला."

"आवो नाव सांगा. समद्या भावकीला सांगून बसलोय म्या, महाबळेश्वरला चाललो म्हनून."

रंगरावनं नाव सांगितलं. हिंमतरावांनी एका बोटानं दाबत दाबत काढलं. तेच ॲप. तीच काचेची भिंत. पस्तीस हजार चारशे. त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. दाबता दाबता थांबले.

"हितं कूपन मागतंय. तुमचं त्ये हजाराचं हाय न्हवं?"

"हाय."

"सांगा की मग नंबर. सोडायचं कशाला त्येंना?"

रंगरावनं मोबाइल उघडला. कूपनाला लांबलचक नंबर होता, अकरा आकडे. तो वाचायला लागला. काट्यावरनं पुकारतो तशाच मोठ्या, सपाट आवाजात, एकेक आकडा सुटा. "सात. शून्य. शून्य. चार." पार्किंगमध्ये आवाज घुमला. वरच्या मजल्यावरनं कुणीतरी वाकून बघितलं. हिंमतराव दाबत गेले. अकरावा आकडा दाबला आणि त्यांच्या मोबाइलवर हिरवी अक्षरं आली.

"बसलं," हिंमतराव खूश होऊन म्हणाले. "हजार वाचलं बगा तुमच्यामुळं."

तीस तारखेला सगळे गेले, हिंमतरावांच्या गाडीनं. यमुनाबाईनं पहाटेच उठून धोंडे केले होते, पितळी डब्यात भरून मांडीवर धरून नेले. हॉटेलच्या पाटीवर लिहिलं होतं, बाहेरचं खाणं आणू नये. मग दार लावून, पलंगावर वर्तमानपत्र अंथरून वाढलं. रंगरावनं जावयाच्या हाती तांब्याचं ताट दिलं, त्यात तेहतीस अनारसे, मधे दिवा. एसीच्या वाऱ्यानं दिवा विझला, तो पुन्हा लावला. काचेपल्याड ढग होतेच. फोटोत होते तेवढेच.

रणजितला संकोच वाटत होता, तो एकच धोंडा घेऊन थांबला. सोजरबाईनं त्याच्या ताटात आणखी दोन टाकले. "खा रे पोटभर. हितं काय मापाचं न्हाय. आपलंच हाय."

नम्रता तूप वाढत होती. तिनं ते सगळ्यांच्या ताटात वाढलं, बापाच्याही.

आठवडा गेला. यार्डात दौंडकडचा माल आला होता, रंगराव काट्याशी उभा होता. नम्रताचा फोन आला. तब्येत कशी, आईचे गुडघे कसे, असं इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "आप्पा, एक सांगू? ते मापाचं आता कुणी बोलत नाही घरात."

"न्हाय ना?" रंगरावनं फोन कानाशी घट्ट धरला. "बरं झालं."

"काल पाहुणे आले होते. मामंजी त्यांना फोटो दाखवत होते."

"हां."

"म्हणाले, सूनबाईच्या बापाला ह्या धोंड्याला आम्ही महाबळेश्वर दाखवून आणलं."

टेम्पोचा फाळका खाली पडला. हमालांनी पहिली ढेप काट्यावर टाकली, लाल आकडे धावले आणि थांबले.

"आप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," रंगराव म्हणाला. "ठिव आता. माल आलाय." आणि त्यानं आकडा पुकारला.